व्हिनेगरमधील आम्ल कसे मोजावे : सौम्य आम्लाचा सामू आणि अनुमापन

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (पीएच) १ असतो आणि तेवढ्याच संहतीच्या अ‍ॅसिटिक आम्लाचा सामू साधारण २.८७ भरतो. म्हणजे पहिल्या द्रावणात सुट्या हायड्रोजन आयनांची संख्या दुसऱ्याच्या सुमारे पंचाहत्तर पट असते. तरीही दोन्ही द्रावणे प्रत्येकी २५ मिली घेऊन ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने त्यांचे अनुमापन केले, म्हणजे आम्ल संपेपर्यंत ते थोडे थोडे सोडून किती लागले ते मोजले, तर दोन्ही वेळा ब्युरेट या खुणांच्या नळीतून २५ मिलीच द्रावण खर्च होते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ही दोन विधाने एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते आणि सौम्य आम्लांच्या गणितांतील बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. सामू हा त्या क्षणी द्रावणात मोकळे असलेले हायड्रोजन आयन सांगतो, तर अनुमापन हे मोकळे आणि रेणूत अडकलेले असे सगळे हायड्रोजन मिळून आम्ल किती आहे ते सांगते. पुढील सर्व कृती आणि सर्व आकडेमोड या एका भेदावर उभी आहे. उदाहरण म्हणून किराणा दुकानात मिळणारे साधे पांढरे व्हिनेगर घेतले आहे, कारण त्यात एकच सौम्य आम्ल असते, ते रंगहीन असते आणि आलेले उत्तर बाटलीवरील लेबलाशी ताडून पाहता येते.

सामू काढण्यापूर्वी

अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात विरघळले की त्याच्या थोड्याच रेणूंचे विचरण होते आणि जेवढे रेणू तुटतात तेवढेच पुन्हा जुळत राहतात. हा समतोल असा मांडतात :

अ‍ॅसिटिक आम्ल ⇌ हायड्रोजन आयन + अ‍ॅसिटेट आयन

विचरण स्थिरांक = [हायड्रोजन आयन] × [अ‍ॅसिटेट आयन] ÷ [अ‍ॅसिटिक आम्ल]

चौकटी कंसातील प्रत्येक राशी म्हणजे त्या घटकाची मोल प्रतिलिटरमधील संहती होय. २५ अंश सेल्सिअसला अ‍ॅसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८ × १०⁻⁵ धरतात. त्याचा ऋण लॉगॅरिदम ४.७४ येतो आणि त्याला पीकेए म्हणतात. काही पुस्तकांत स्थिरांक १.७५ × १०⁻⁵ आणि पीकेए ४.७६ दिलेला आढळतो. दोन्हींपैकी कोणताही घ्यावा, मात्र एका उदाहरणात शेवटपर्यंत तोच ठेवावा. या लेखात ४.७४ धरला आहे.

शुद्ध आम्लाच्या द्रावणात हायड्रोजन आयन आणि अ‍ॅसिटेट आयन सारख्याच संख्येने तयार होतात. पाण्याच्या स्वतःच्या विचरणातून येणारे हायड्रोजन आयन इतके थोडे असतात की ते येथे सोडून देता येतात. तुटलेला भाग क्ष मानला आणि मूळ संहती ०.१ मोलर असली, तर समीकरण क्ष² ÷ (०.१ − क्ष) = १.८ × १०⁻⁵ असे होते. क्ष हा ०.१ च्या तुलनेत नगण्य आहे असे गृहीत धरून छेदात नुसते ०.१ ठेवले की क्ष² = १.८ × १०⁻⁶, म्हणून क्ष = १.३४ × १०⁻³ आणि सामू २.८७. याच समीकरणाचे वर्गसमीकरण करून पूर्ण सोडवले तर क्ष १.३३ × १०⁻³ येतो आणि सामू २.८८ होतो. एवढ्या फरकासाठी वर्गसमीकरण सोडवण्यात वेळ घालवू नये. या द्रावणात शंभरांतील जेमतेम सव्वा ते दीड रेणू तुटलेले असतात आणि उरलेले साडेअठ्ठ्याण्णव अखंड असतात, ही बाब मात्र पक्की लक्षात ठेवावी.

गृहीतक धरले की ते तपासण्याची सवय हवी. आलेला क्ष मूळ संहतीच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर गृहीतक चालते, नसेल तर वर्गसमीकरणाला पर्याय नाही. हेच आम्ल ०.०००१ मोलर इतके विरल केले तर सोप्या सूत्राने क्ष ४.२ × १०⁻⁵ येतो, म्हणजे मूळ संहतीच्या ४२ टक्के, आणि सामू ४.३७ मिळतो. खरे उत्तर ४.४६ आहे. आम्ल जितके विरल करावे तितका त्याचा तुटलेला भाग वाढत जातो, हे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडले. त्यामुळे ‘सौम्य आम्लाचे विचरण नेहमी नगण्य असते’ हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखे नाही. विचरण नगण्य आहे की नाही हे संहती आणि स्थिरांक या दोघांवर मिळून ठरते.

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल वापरावे लागते आणि सामूवरून उलट संहती काढताना तेथे हमखास गुण जातात, म्हणून त्याचाही एक नमुना देणे योग्य ठरेल. सामू २.८७ असेल तर हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे ऋण २.८७ चा अँटिलॉग. टेबलात ऋण अपूर्णांक नसतात, म्हणून ऋण २.८७ हे ऋण ३ अधिक ०.१३ असे लिहावे. ०.१३ चा अँटिलॉग १.३४९ आहे आणि ऋण ३ मुळे १०⁻³ येतो, तेव्हा उत्तर १.३५ × १०⁻³. जे विद्यार्थी ०.८७ चा अँटिलॉग थेट पाहतात त्यांना ७.४ × १०⁻² असे काहीतरी मिळते. पण सामू ३ च्या जवळ आहे म्हणजे उत्तर १०⁻³ च्या आसपास असायला हवे, एवढा अंदाज आधी बांधला तर ही चूक तिथल्या तिथे दिसते.

प्रमाण द्रावण का आणि कसे करावे

सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे वजन करून थेट ०.१ मोलर द्रावण करता येते असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात बरणी उघडल्यापासून ते हवेतील ओलावा शोषू लागतात, काही मिनिटांत तराजूवरचे दाणे ओलसर चमकू लागतात आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन त्यांच्यावर कार्बोनेटचा थर चढतो. म्हणून सुमारे ४ ग्रॅम दाणे एक लिटर पाण्यात विरघळवून अंदाजे ०.१ मोलर द्रावण करावे आणि त्याची नेमकी संहती ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणावरून, म्हणजे अचूक संहती ठाऊक असलेल्या द्रावणावरून, काढावी. पाणी ऊर्ध्वपातित असावे आणि ते उकळून झाकून थंड केलेले असावे, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. दाणे विरघळताना द्रावण चांगलेच तापते आणि त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते. चष्मा लावूनच हे काम करावे, हे प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेले असते म्हणून दुर्लक्षिले जाते.

ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक कोरडे आणि टिकाऊ असतात. प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असलेल्या या स्फटिकांचे रेणुवस्तुमान १२६.०७ आहे. ०.०५ मोलर द्रावण २५० मिली हवे असेल तर १.५७६ ग्रॅम स्फटिक तोलून, चंचुपात्रात थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून, २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतावेत. चंचुपात्र आणि काचकांडी दोन-तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यावे, मग खुणेपर्यंत पाणी भरावे. नेमके १.५७६ ग्रॅम तोलण्यासाठी तराजूशी झगडण्याची गरज नाही. १.५८२ ग्रॅम आले तर तेवढे लिहून ठेवावे आणि संहती त्यावरून काढावी. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, तेव्हा पिपेटने तोंडाने ओढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रबरी बल्ब वापरावा.

ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू लागतात. २५ मिली ०.०५ मोलर आम्लात १.२५ मिलिमोल आम्ल असते, म्हणून २.५० मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड खर्ची पडते. ब्युरेटचे वाचन २५.५ मिली आले तर सोडियम हायड्रॉक्साइडची संहती २.५० ÷ २५.५ म्हणजे ०.०९८० मोलर ठरते. हा आकडा बाटलीवर तारखेसह लिहावा, कारण महिन्याभरानंतर तो खरा राहीलच असे नाही.

व्हिनेगरचे अनुमापन

बाजारातील व्हिनेगर विरल न करता वापरता येत नाही. त्यात दर १०० मिलीला सुमारे ४ ग्रॅम आम्ल असते, म्हणजे संहती ०.६७ मोलरच्या आसपास. अशा १० मिली व्हिनेगरलाही ०.०९८ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे ६८ मिली लागेल आणि ५० मिलीची ब्युरेट अर्ध्यातच रिकामी होईल. म्हणून १० मिली व्हिनेगर पिपेटने मोजून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्यावे, खुणेपर्यंत पाणी भरावे आणि झाकण दाबून धरून फ्लास्क अनेकदा उलटा-सुलटा करावा. फ्लास्कची मान अरुंद असल्याने नुसते हलवून द्रावण एकजीव होत नाही, आणि तीन वाचने एकमेकांशी जुळत नसल्याचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

भांडी विसळण्याचा नियम एकच आहे, पण तो तीन भांड्यांना तीन प्रकारे लागू होतो. ब्युरेट जिच्यात सोडियम हायड्रॉक्साइड भरायचे ती त्याच द्रावणाने विसळावी, पिपेट विरल केलेल्या व्हिनेगरने विसळावी, आणि शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावे. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण विरल होते आणि वाचन वाढते. पिपेटमध्ये राहिले तर आम्ल कमी उचलले जाते. शंकुपात्रात पाणी राहिले तर काहीच बिघडत नाही, कारण त्यात पिपेटने सोडलेल्या आम्लाचे मोल तेवढेच राहतात. त्याउलट शंकुपात्र व्हिनेगरने विसळले तर मोजमापाबाहेरचे आम्ल आत जाते. हे कारण एकदा समजले की नियम आठवावा लागत नाही.

ब्युरेट भरल्यावर कॉक पूर्ण उघडून थोडे द्रावण जोरात सोडावे, म्हणजे टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा निघून जातो. तो बुडबुडा अनुमापनाच्या मधेच सुटला तर तेवढे आकारमान वाचनात आयतेच मिळते. भरण्यासाठी लावलेले नरसाळे काढून ठेवावे, कारण त्याला लागलेला थेंब नंतर केव्हातरी आत पडतो. ब्युरेट उभी सरळ आहे याची खात्री करून, डोळा द्रावणाच्या पातळीशी आणून, वक्र पृष्ठभागाचा खालचा बिंदू वाचावा. मागे पांढरा कागद धरला की तो बिंदू स्पष्ट दिसतो. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा असतात आणि दोन खुणांच्या मधली अर्धी जागा नजरेने ओळखता येते.

शंकुपात्रात २५ मिली विरल व्हिनेगर घ्यावे आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणारा हा दर्शक स्वतःच एक सौम्य आम्ल असल्याने तो सढळ हाताने ओतू नये. शंकुपात्राखाली पांढरी टाइल ठेवावी. पहिले वाचन घाईचे असते, त्याला प्रयोगशाळेत पायलट रीडिंग म्हणतात, आणि त्याचा उपयोग अंत्यबिंदू कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे एवढे कळण्यापुरता असतो. पुढील वाचनांत तेथून दोन मिली अलीकडेपर्यंत द्रावण सलग सोडावे आणि मग थेंब-थेंब करावे. डाव्या हाताने कॉक आणि उजव्या हाताने शंकुपात्र गोल फिरवत राहिले की थेंब पडतो तेथे गुलाबी धूर उठल्यासारखा दिसतो आणि लगेच विरतो. तो विरायला वेळ लागू लागला की अंत्यबिंदू जवळ आला असे समजावे. शेवटी टोकाला लोंबणारा अर्धा थेंब शंकुपात्राच्या काचेला टेकवून बाटलीतील पाण्याने आत धुवावा. पूर्ण द्रावणाला आलेली आणि अर्धा मिनिट टिकणारी अगदी फिकट गुलाबी छटा हाच अंत्यबिंदू होय. गडद गुलाबी रंग दिसायला छान असला तरी तो आला म्हणजे द्रावण जास्त पडले. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने ही छटा दोन-चार मिनिटांनी आपोआप उडते. ती उडाली म्हणून आणखी थेंब टाकत बसू नये.

समजा वाचने १७.४, १७.३ आणि १७.३ मिली आली. लागोपाठ दोनदा आलेले १७.३ हे वाचन जर्नलमध्ये सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे स्थिर वाचन) म्हणून लिहितात. हिशेब असा : १७.३ मिली गुणिले ०.०९८० मोलर म्हणजे १.६९५ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड. अ‍ॅसिटिक आम्लाशी त्याचे प्रमाण एकास एक, म्हणून २५ मिली विरल व्हिनेगरमध्ये १.६९५ मिलिमोल आम्ल आहे आणि त्याची संहती ०.०६७८ मोलर. मूळ व्हिनेगर दहापट, म्हणजे ०.६७८ मोलर. अ‍ॅसिटिक आम्लाचे रेणुवस्तुमान ६०.०५ असल्याने एका लिटरमध्ये ४०.७ ग्रॅम आम्ल झाले, अर्थात दर १०० मिलीला ४.०७ ग्रॅम. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असावे लागते, तेव्हा हा नमुना त्या कसोटीला उतरतो. गणकयंत्रावर ४.०७२४ असे दिसले तरी चार दशांश लिहिण्यात अर्थ नाही. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो आणि १७.३ मिलीमध्ये एका थेंबाची चूक ०.३ टक्के भरते, म्हणून दुसऱ्या दशांशातील ७ हा अंकसुद्धा एखाद्या एककाने इकडे-तिकडे असू शकतो.

या संपूर्ण हिशेबात विचरण स्थिरांक कोठेही आला नाही, याकडे लक्ष द्यावे. हायड्रॉक्साइड आयन मोकळे हायड्रोजन आयन उचलतात, त्यामुळे समतोल ढळतो आणि अखंड रेणू तुटून नवे आयन देतात. शेवटचा रेणू तुटेपर्यंत हे चालू राहते. आम्ल सौम्य आहे की तीव्र, हे खर्च होणाऱ्या आकारमानाला ठाऊकच नसते. त्याचा परिणाम होतो तो वाटेतील सामूवर आणि दर्शकाच्या निवडीवर.

वाटेतील सामू

आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून आता २५ मिली ०.१ मोलर अ‍ॅसिटिक आम्ल आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड असे धरू. सूत्र शोधण्याआधी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : या क्षणी शंकुपात्रात काय काय आहे? उत्तर चारच प्रकारचे असू शकते आणि सूत्र त्या उत्तरातूनच येते.

सुरुवातीला फक्त आम्ल आहे आणि त्याचा सामू २.८७ वर काढलाच आहे. ५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड पडल्यावर ०.५ मिलिमोल आम्लाचे अ‍ॅसिटेट झाले आणि २.० मिलिमोल आम्ल उरले. आता शंकुपात्रात आम्ल आणि त्याचा क्षार दोन्ही आहेत, म्हणजेच ते बफर द्रावण आहे. येथे विचरण स्थिरांकाचेच समीकरण फिरवून लिहावे :

सामू = पीकेए + लॉग (अ‍ॅसिटेट ÷ आम्ल)

हे समीकरण हेंडरसन आणि हॅसेलबाल्क यांच्या नावाने ओळखले जाते. ०.५ ÷ २.० म्हणजे पाव, पावचा लॉग ऋण ०.६०, म्हणून सामू ४.१४. दोन्ही घटक एकाच द्रावणात असल्याने आकारमान दोन्हीकडून कटते आणि संहतीऐवजी थेट मिलिमोल टाकता येतात. परीक्षेत यामुळे बराच वेळ वाचतो. १२.५ मिलीला आम्ल आणि अ‍ॅसिटेट समसमान होतात, लॉग शून्य होतो आणि सामू नेमका पीकेएइतका, ४.७४ येतो. २० मिलीला गुणोत्तर चार, सामू ५.३४. म्हणजे ५ मिलीपासून २० मिलीपर्यंत, पंधरा मिली तीव्र अल्क ओतूनही सामू फक्त १.२ ने सरकला.

२४.९ मिलीला चित्र पालटू लागते. २.४९ मिलिमोल अ‍ॅसिटेट आणि फक्त ०.०१ मिलिमोल आम्ल, गुणोत्तर २४९, सामू ७.१४. येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. सामू ७ ओलांडून गेला आहे आणि आम्ल अजून शिल्लक आहे. उदासिनीकरण म्हणजे सामू ७, हे समीकरण तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्यापुरतेच खरे असते.

२५ मिलीला समतुल्य बिंदू येतो. आम्ल संपले, हायड्रॉक्साइड जादा नाही, शंकुपात्रात केवळ सोडियम अ‍ॅसिटेट आहे. ते २.५ मिलिमोल आहे, पण आता ५० मिलीत पसरले आहे, म्हणून संहती ०.०५ मोलर. आकारमान दुप्पट झाल्याचे विसरणे ही या टप्प्यावरील नेहमीची चूक. अ‍ॅसिटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन परत घेतो आणि हायड्रॉक्साइड मोकळा करतो. त्याचा आम्लारी स्थिरांक १०⁻¹⁴ भागिले १.८ × १०⁻⁵ म्हणजे ५.५६ × १०⁻¹⁰. पूर्वीच्याच पद्धतीने हायड्रॉक्साइडची संहती म्हणजे ५.५६ × १०⁻¹⁰ गुणिले ०.०५ याचे वर्गमूळ, ५.२७ × १०⁻⁶. त्याचा ऋण लॉग ५.२८ आणि १४ मधून तो वजा केला की सामू ८.७२.

त्यापुढे अ‍ॅसिटेटकडे पाहण्याची गरज नाही, जादा हायड्रॉक्साइडच सामू ठरवतो. २५.१ मिलीला ०.०१ मिलिमोल हायड्रॉक्साइड ५०.१ मिलीत, संहती २.० × १०⁻⁴, सामू १०.३०. ३० मिलीला ११.९६. आधी पंधरा मिलीत १.२ सरकलेला सामू २४.९ ते २५.१ या ०.२ मिलीत, म्हणजे जेमतेम चार थेंबांत, ७.१४ वरून १०.३० वर उडी घेतो.

दर्शकाची निवड या उडीवरून

फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण ८.२ ते १० या सामूंच्या दरम्यान बदलतो, आणि ही सगळी पट्टी त्या चार थेंबांच्या आत बसते. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या दरम्यान लालचे पिवळे होते. वरच्या उदाहरणात अर्धा मिलीही पडण्याआधी ते रंग बदलायला सुरुवात करते आणि ८ मिलीच्या आसपास पूर्ण पिवळे होते, तेही इतके हळूहळू की अंत्यबिंदू कोणता म्हणावा हे दोघांचे जुळणार नाही. जो कोणी ८ मिली लिहील त्याच्या व्हिनेगरमधील दोनतृतीयांश आम्ल कागदावरून गायब झालेले असेल. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६ ते ७.६ मध्ये बदलते. ते २३.७ मिलीपासूनच हिरवट होऊ लागते, पण पूर्ण निळे होईपर्यंत धीर धरला तर उत्तर फारसे चुकत नाही. प्रयोगशाळा नसेल तर हळदीचा अर्कसुद्धा कामचलाऊ ठरतो. तिचा पिवळा रंग सामू ८ च्या आसपास तांबडा होऊ लागतो आणि सौम्य आम्लासाठी तीच बाजू हवी असते.

उसाच्या रसापासून केलेले तपकिरी व्हिनेगर असेल तर फिकट गुलाबी छटा दिसत नाही. अशा वेळी ते आणखी विरल करावे किंवा सामूमापक वापरावा. सामूमापक आधी सामू ४, ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणांवर जुळवून घ्यावा, प्रत्येक भरीनंतर वाचन स्थिर होऊ द्यावे, आणि सुरुवातीला दोन-दोन मिली तर उडीजवळ ०.१ मिली असे टप्पे घ्यावेत. आलेखावर जेथे चढ सर्वांत तीव्र तो समतुल्य बिंदू. त्याच्या निम्म्या आकारमानाला आलेखावरून सामू वाचला की तोच पीकेए. पुस्तकातील ४.७४ किंवा ४.७६ हा आकडा स्वतः मोजून पाहण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

एकाहून अधिक हायड्रोजन देणाऱ्या आम्लांत थोडी जास्त काळजी लागते. लिंबातील सायट्रिक आम्लाचे तीन पीकेए ३.१, ४.८ आणि ६.४ असे एकमेकांना इतके लागून आहेत की तीन वेगळ्या उड्या दिसत नाहीत. तिन्ही हायड्रोजन संपल्यावर एकच मोठी उडी येते. म्हणून फिनॉल्फ्थॅलीनने केलेल्या अनुमापनात सायट्रिक आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे तीन मोल धरावेत. चिंचेतील टार्टारिक आम्लाला याच कारणाने दोन धरतात. लिंबाच्या रसाचे उत्तर एकास एक प्रमाणाने काढले तर आम्ल तिप्पट दिसते.

दुधाच्या बाबतीत तर अनुमापन आणि प्रत्यक्ष आम्ल यांची फारकतच होते. डेअरीत १० मिली दूध घेऊन, फिनॉल्फ्थॅलीन टाकून, एकनवमांश मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने त्याचे अनुमापन करतात. लॅक्टिक आम्लाचे रेणुवस्तुमान ९० असल्याने या द्रावणाचा प्रत्येक मिली १० मिलिग्रॅम लॅक्टिक आम्लाशी जुळतो, म्हणजेच १ मिली वाचन म्हणजे ०.१ टक्का. ताज्या दुधाला १.४ मिलीच्या आसपास वाचन येते आणि नोंदवहीत ०.१४ टक्के लॅक्टिक आम्ल असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळपास नसते. त्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो, आणि तेथून फिनॉल्फ्थॅलीनच्या पट्टीपर्यंत तो चढवताना केसीन, फॉस्फेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हे सारे मिळून ते १.४ मिली खाऊन टाकतात. त्यामुळे डेअरीतील या आकड्याकडे पाहताना ताज्या दुधाचे वाचन आधार धरावे आणि त्यावर जितकी वाढ झाली असेल तितकेच लॅक्टिक आम्ल जिवाणूंनी तयार केले असे मानावे.